लाल बावटा आणि दोन फासे

युद्धपट म्हटले की मराठी वाचकाला सिनेमा आठवतो. येथे पट म्हणजे सारीपाटातला पट. जेवणाच्या टेबलावर अंथरायचा कागदी नकाशा, त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे, अर्ध्या इंचाच्या शे-दोनशे पुठ्ठ्याच्या सोंगट्या, दोन फासे आणि नियमांची पुस्तिका असा या खेळाचा सरंजाम असतो. पुस्तिका कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे कलमा-पोटकलमांत विभागलेली असते. एखाद्या कलमाचा अपवाद चार पाने पुढे दडलेला असतो आणि तो हरलेल्या खेळाडूला डाव आवरताना सापडतो. बुद्धिबळात प्यादे मेले तर ते कोणत्या गावचे होते हे कोणी विचारत नाही. युद्धपटात मात्र प्रत्येक सोंगटीवर पलटणीचा क्रमांक छापलेला असतो, आणि ती पलटण त्या दिवशी तेथे होती की नव्हती यावरून दोन सभ्य गृहस्थ रात्री एक वाजेपर्यंत भांडू शकतात.

खेळाचे मूळ प्रशियाच्या लष्करात आहे. रायस्विट्झ नावाच्या बापलेकांनी तो घडवला आणि लेकाने १८२४ मध्ये नियम छापून अधिकाऱ्यांच्या हाती दिले. पुढे एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून खेळण्यातल्या शिपायांची लढाई घरातल्या जमिनीवर आणली. पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचा आजचा प्रकार अमेरिकेतल्या चार्ल्स रॉबर्ट्सने रुळवला. त्याचा ‘टॅक्टिक्स’ १९५४ मध्ये आला, आणि १९५८ मध्ये त्याच्या ॲव्हलॉन हिल कंपनीने तीन खेळ बाजारात मांडले. दोन लढाईचे होते. तिसरा, ‘डिस्पॅचर’, आगगाड्या वेळापत्रकाप्रमाणे सोडण्याचा होता. रॉबर्ट्स मुळातला रेल्वेवेडा. पुढे त्याने रेल्वेच्या इतिहासावर पुस्तकेही लिहिली. म्हणजे युद्धपटाच्या जनकाच्या मनात पहिल्यापासून एका बाजूला तोफा आणि दुसऱ्या बाजूला सिग्नल होते.

ही दोन्ही वेडे एकाच टेबलावर बसवणारी घटना रॉबर्ट्सच्या जन्माच्या कितीतरी आधी, १२ एप्रिल १८६२ रोजी, जॉर्जिया राज्यात घडून गेली होती. अमेरिकेचे यादवी युद्ध नुकते वर्षाचे झाले होते. अटलांटा ते चॅटनूगा हा १३८ मैलांचा वेस्टर्न अँड अटलांटिक रेल्वेमार्ग दक्षिणेच्या सैन्याची रसदवाहिनी होता. तो मोडायचा, पूल जाळायचे आणि चॅटनूगा एकटे पाडायचे अशी योजना जेम्स अँड्र्यूज या इसमाने उत्तरेच्या सैन्यापुढे ठेवली. अँड्र्यूज सैनिक नव्हता. तो दक्षिणेला क्विनाइन चोरून पुरवायचा आणि येता-जाता उत्तरेसाठी हेरगिरी करायचा. दोन्ही बाजूंना लागेल तो माल पुरवणारा हा व्यापारी होता असे म्हटले तरी चालेल. त्याच्यासोबत विल्यम कॅम्बेल नावाचा आणखी एक नागरिक आणि ओहायोच्या तीन पलटणींतले २२ शिपाई, असे एकूण २४ जण साध्या कपड्यांत शत्रूच्या मुलुखात शिरले. तेथून आगगाडी पळवायची आणि उत्तरेकडे येताना मागचे रूळ उखडत, तारा तोडत, पूल जाळत यायचे, असा बेत होता.

या घटनेवर खेळ बेतणाऱ्याची पहिली अडचण नकाशाची. षट्कोनी घरांचा सगळा उपयोग सहा दिशांना सरकण्यासाठी असतो. येथे दिशा दोनच: पुढे आणि मागे. रूळ एकेरी. डावीकडून वळसा घालणे, उजवी बगल मारणे, टेकडी काबीज करणे हे युद्धपटाचे नित्याचे विधी येथे बाद होतात, कारण टेकडीवर चढलेल्या इंजिनाला अपघात म्हणतात. उरते ती एक लांबलचक पट्टी आणि तिच्यावरची स्टेशने. जॉर्जियाच्या नकाशाचा सगळा थाट काढून टाकला तर मुलांच्या सापशिडीशी तिचे जवळचे नाते निघते. फरक एवढाच की शिडी एकही नाही.

दुसरी अडचण तारखेची. धाड ठरली होती शुक्रवारी ११ एप्रिलला. त्याच वेळी उत्तरेचा सेनापती ऑर्म्सबी मिचेल याने अलाबामातले हंट्सव्हिल घ्यायचे आणि तेथून चॅटनूगाकडे सरकायचे होते. वाटेत पावसाने रस्त्यांचा चिखल केला. अँड्र्यूजने विचार केला की एवढ्या चिखलात मिचेलचेही सैन्य अडकणार, म्हणून धाड एक दिवस पुढे ढकलली. विचार शहाणपणाचा होता, पण मिचेल हा पेशाने खगोलशास्त्रज्ञ होता, सिनसिनाटीची वेधशाळा त्यानेच उभारली होती. पाऊस पडला म्हणून ग्रहण शनिवारी घेण्याची पद्धत त्याच्या शास्त्रात नाही. त्याने ठरल्या दिवशी हंट्सव्हिल घेतले. याचे फळ अँड्र्यूजला दुसऱ्या दिवशी किंग्स्टन स्टेशनात मिळाले, ते पुढे येईलच. खेळाच्या दृष्टीने गोम अशी की अँड्र्यूजचा खेळाडू पहिला फासा टाकण्याआधीच एक दिवस हरलेला असतो.

मग सोंगट्या मांडायच्या. २४ जणांपैकी दोघे वाटेतच अडकले. संशय टाळण्यासाठी त्यांना दक्षिणेच्याच सैन्यात भरती व्हावे लागले. उरलेले मॅरिएटा गावात हॉटेलांत रात्रभर राहिले आणि पहाटेची गाडी पकडायला निघाले. त्यांतले दोघे उठलेच नाहीत. शत्रूच्या प्रदेशात, फाशीची टांगती तलवार डोक्यावर असताना, अमेरिकेच्या इतिहासातल्या सर्वांत धाडसी रेल्वेधाडीच्या सकाळी मार्टिन हॉकिन्स आणि जॉन पोर्टर गाढ झोपले होते. पैकी हॉकिन्स हा इंजिन हाकण्यात मुरलेला गडी, म्हणजे ज्याला उठवणे सर्वांत आवश्यक होते तो. जो कोणी या धाडीवर प्रामाणिकपणे खेळ रचील त्याला झोपेचा नियम घालावाच लागेल. प्रत्येक सोंगटीसाठी एक दान, एक पडला तर ती सोंगटी खोक्यातच राहील. युद्धपटाच्या परंपरेत याला ‘मनोधैर्याची कसोटी’ असे भारदस्त नाव मिळते. घरोघरी त्याला वेगळे शब्द आहेत.

उरलेले वीस जण गाडीत बसले. मॅरिएटाच्या पुढे बिग शँटी हे स्टेशन लागे. तेथे गाडी न्याहारीसाठी वीस मिनिटे थांबायची. तारयंत्र तेथे नव्हते, म्हणून ही जागा निवडलेली. पण रुळांच्या पलीकडेच दक्षिणेच्या सैन्याची छावणी होती आणि तीत हजारो शिपाई होते. गाडीचा कंडक्टर, म्हणजे आपल्याकडचा गार्ड, विल्यम फुलर, ड्रायव्हर जेफ केन आणि रेल्वेच्या कारखान्याचा फोरमन अँथनी मर्फी हे तिघे उतारूंबरोबर हॉटेलात गेले. बाहेर पहारेकरी उभे असताना अँड्र्यूजच्या माणसांनी प्रवासी डबे सोडवले, इंजिन आणि मालाचे तीन डबे तेवढे ठेवले, सोळा जण एका डब्यात शिरले आणि गाडी निघाली. कोणी हटकले नाही. हातात काम आहे अशा चेहऱ्याने चालणाऱ्या माणसाला सरकारी आवारात कोणी हटकत नाही, हे सूत्र १८६२ मध्येही सिद्ध झालेले होते.

इंजिनाचे नाव ‘जनरल’. न्यू जर्सीतल्या पॅटरसनच्या रॉजर्स कारखान्यात १८५५ मध्ये बांधलेले, लाकडावर चालणारे. योगायोग असा की ॲव्हलॉन हिलने पुढे आपल्या खेळाडूंसाठी जे नियतकालिक काढले त्याचेही नाव ‘द जनरल’ होते. या दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि मिचेल या खऱ्या जनरलचा दोघांशीही नाही. तरीही नियम वाचताना ‘जनरल पाणी भरण्यासाठी एक पाळी थांबतो’ असे वाक्य आले की नवखा खेळाडू थोडा चमकतो.

येथपर्यंत खेळ शौर्याचा वाटतो. येथून पुढे तो हिशेबाचा होतो, आणि या धाडीची खरी गंमत येथूनच सुरू होते. गाडी पळवली म्हणजे ती सुसाट सोडायची, असे सिनेमा पाहणाऱ्याला वाटते. पण रूळ एकेरी आणि समोरून गाड्या यायच्या. वेळेआधी धावणारी गाडी समोरच्या गाडीवर आदळणार. त्यामुळे चोरलेली गाडी अँड्र्यूजला तिच्या छापील वेळापत्रकाप्रमाणेच चालवावी लागली, ताशी सोळा मैलांच्या आसपास. स्टेशनास्टेशनांत थांबून, ठरलेल्या ठिकाणी लाकूड-पाणी घेऊन, समोरच्याला वाट देऊन त्याने ती नेली. वेस्टर्न अँड अटलांटिकच्या त्या सकाळच्या गाडीला याहून कर्तव्यदक्ष कर्मचारी क्वचितच लाभले असतील. पटावर यासाठी एक घड्याळपट्टी आखतात आणि सोंगटी घड्याळाच्या पुढे गेली तर टकरीचे दान टाकावे लागते. असे दान दोनदा टाकून पाहिलेला खेळाडू तिसऱ्यांदा धाडस करीत नाही. तो वेळापत्रक पाठ करतो.

मग किंग्स्टन. बिग शँटीपासून तीसेक मैलांवरचे हे जंक्शन. येथे समोरून येणाऱ्या एका मालगाडीला वाट देऊन पुढे निघायचे होते. मालगाडी आली, पण तिच्या शेवटच्या डब्यावर लाल बावटा होता. या बावट्याचा अर्थ मार्क्सला विचारून उपयोग नव्हता, जरी तो तेव्हा हयात होता आणि याच युद्धावर वर्तमानपत्रांत लिहीतही होता. रेल्वेच्या भाषेत अर्थ एवढाच की मागून आणखी एक गाडी येते आहे. ती आली. तिच्या पाठीवरही लाल बावटा. हंट्सव्हिल पडल्याची बातमी चॅटनूगाला पोचली होती आणि तेथला माल घेऊन गाड्यांमागून गाड्या दक्षिणेला धाडल्या जात होत्या. वेधशाळेच्या वक्तशीर संस्थापकाने स्वतःच्याच हेराची वाट अशी बंद केली. कोकण रेल्वेवर क्रॉसिंगसाठी ताटकळलेल्या प्रवाशाला ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. फरक इतकाच की त्याला पकडले गेल्यास फाशी होत नसते.

एक तास पाच मिनिटे जनरल किंग्स्टनला उभे राहिले. फलाटावर अँड्र्यूज उंच टोपी घालून येरझारा घालीत होता आणि विचारील त्याला सांगत होता की ही दारूगोळ्याची खास गाडी आहे, दक्षिणेच्या सेनापती ब्यूरगार्डकडे तातडीने पोचायची आहे. दारूगोळा म्हणून डब्यात बंद केलेली सोळा माणसे अंधारात श्वास रोखून बसली होती. बाहेर काय चालले आहे हे त्यांना दिसत नव्हते आणि खोकणे हे दारूगोळ्याला शोभले नसते. शेवटची मालगाडी आली, तरी सांधा बदलायला म्हातारा सांधेवाला तयार होईना. खास गाडीचा कागद कुठे आहे, अशी त्याची शंका होती आणि ती अगदी रास्त होती. अखेर अँड्र्यूजने त्याच्या खोलीतल्या किल्ल्या स्वतःच उचलल्या आणि सांधा बदलला. जॉर्जियातल्या सर्व फौजांपेक्षा या एका माणसाने धाड जास्त वेळ अडवली, आणि त्याच्याकडे किल्ल्यांखेरीज शस्त्र नव्हते.

खेळ रचणाऱ्याच्या दृष्टीने किंग्स्टन ही आपत्तीच. पाच-पाच मिनिटांची एक पाळी धरली तर अँड्र्यूजच्या खेळाडूने सलग तेरा पाळ्या काहीही न करता बसायचे. हे वास्तवाला धरून आहे, पण पैसे देऊन खेळ विकत घेतलेल्या माणसाला ते पटवणे अवघड. म्हणून एखादा दयाळू रचनाकार थापांची पत्ते-गड्डी घालतो. पत्ता खेचायचा, थाप मारायची, फासा टाकायचा. थाप पचली तर पुढची थाप. दुसरा प्रकार निष्ठुर रचनाकाराचा. तो तेरा पाळ्या तशाच ठेवतो आणि नियमपुस्तिकेत लिहितो की या वेळात खेळाडूने चहा करावा. तज्ज्ञांत दुसऱ्या प्रकाराला मान जास्त आहे. याच पंथात १९७९ चा ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ बसतो. त्याला पूर्ण खेळण्यास दीड हजार तास लागतील असा अंदाज केला जातो आणि त्यात इटालियन तुकड्यांना पास्ता शिजवण्यासाठी वाळवंटात जादा पाणी पुरवावे लागते.

आता दुसऱ्या बाजूचा खेळाडू. न्याहारी टाकून फुलर, केन आणि मर्फी गाडीमागे पायी धावले. इंजिनामागे माणसे पळत सुटलेली पाहून लोक हसले. फुलरला वाटले होते की छावणीतून पळालेले रंगरूट इंजिन घेऊन गेले असतील आणि मैल-दोन मैलांवर सोडून देतील. दोनेक मैलांवर मून्स स्टेशनात गँगच्या कामगारांकडून बांबूने रेटायची ट्रॉली मिळाली. याच गँगकडून अँड्र्यूजने थोड्या वेळापूर्वी पहार मागून नेली होती. रूळ उखडायला निघालेल्या टोळीजवळ रूळ उखडण्याची धड हत्यारे नव्हती, हा तपशील खेळात घातला तर खोटा वाटतो. ट्रॉली काढलेल्या रुळापाशी खाली खड्ड्यात गेली, तिघेही तिच्याबरोबर गेले, आणि ती उचलून पुन्हा रुळावर चढवली गेली. एटोवाला एका कारखान्याचे ‘योना’ हे इंजिन वाफ धरून उभे होते. जाताना अँड्र्यूजने ते पाहिले होते. एका साथीदाराने ते मोडून टाकू असे सुचवलेही होते. एका इंजिनाने काय होते, असे म्हणून ते तसेच सोडले गेले. त्या एका इंजिनाने फुलरला किंग्स्टनपर्यंत आणले.

किंग्स्टनला फुलर पोचला तेव्हा जनरल सुटून काही मिनिटेच झाली होती. आता ज्या मालगाड्यांनी अँड्र्यूजला अडवले त्यांनीच योनाला अडवले. निःपक्षपातीपणात मालगाडीचा हात कोणी धरणार नाही. योना सोडून ‘विल्यम आर. स्मिथ’ हे तिसरेच इंजिन घेतले गेले. पुढे रूळ गायब, म्हणून तेही सोडून पुन्हा पायी धाव. समोरून ‘टेक्सास’ हे इंजिन मालगाडी घेऊन येत होते. फुलरने हात करून ते थांबवले, ड्रायव्हर पीटर ब्रॅकनला हकिगत सांगितली, मागे सरकत डबे ॲडेअर्सव्हिलला सोडले आणि उरलेला सारा पाठलाग टेक्सासने उलट्या तोंडाने केला. वळवायला वेळ नव्हता.

फुलरची सोंगटी म्हणूनच या खेळाचे वैभव आहे. ती एका डावात पायी, ट्रॉलीवर, इंजिनावर, दुसऱ्या इंजिनावर, पुन्हा पायी आणि शेवटी पाठमोरी धावते. तिच्यासाठी सहा वेगवेगळे वेग छापावे लागतात. अँड्र्यूजचा खेळाडू घड्याळ, थापा आणि लाकडांचा हिशेब ठेवत घामाघूम होत असताना समोरचा खेळाडू पहिल्या पाळीपासून फक्त चिडलेला असतो, आणि चिडलेला खेळाडू चांगला खेळतो. पाठलाग करणाऱ्याला निर्णय घ्यावे लागत नाहीत. जे वाहन दिसेल त्यात बसायचे.

पुढचा भाग वेगवान, आणि पटावर तो तितक्याच वेगाने संपतो. कॅल्हूनला फुलरने डाल्टनच्या एडवर्ड हेंडरसन या सतरा वर्षांच्या तारवाल्या पोराला चालत्या इंजिनावर ओढून घेतले. डाल्टनहून त्याने चॅटनूगाला तार ठोकली आणि अँड्र्यूजच्या माणसांनी तार तोडण्याआधी निरोपाचा बराचसा भाग पलीकडे पोचला. अँड्र्यूजने मागचे दोन डबे एकेक करून सोडून दिले, तर टेक्सासने ते ढकलत नेऊन रसाकाच्या सायडिंगला लावले. रुळांवर स्लीपर टाकले, तर ते बाजूला सारले गेले. छप्पर असलेल्या लाकडी पुलात शेवटचा डबा पेटवायचा प्रयत्न झाला, पण पावसाने सगळे ओलेचिंब होते. चूल पेटवणाऱ्या कोणालाही हे आधीच सांगता आले असते. अखेर रिंगोल्डच्या पुढे, चॅटनूगा अठराएक मैलांवर असताना, लाकूड संपले आणि वाफ उतरली. बिग शँटीपासून ८७ मैल कापून जनरल थांबले. प्रत्येकाने आपापला जीव वाचवावा असा हुकूम निघाला आणि माणसे जंगलात पांगली. एकही मोठा पूल जळला नव्हता.

सगळे पकडले गेले, झोपून राहिलेले दोघेसुद्धा. ७ जूनला अँड्र्यूजला अटलांटात फाशी झाली. त्याच महिन्यात त्याचे लग्न ठरलेले होते. आणखी सात जणांना १८ जूनला फासावर दिले. हा भाग कोणत्याही पटावर नसतो, आणि नसावा. ऑक्टोबरात आठ जण तुरुंगातून निसटले. उरलेल्या सहा जणांची १८६३ च्या मार्चमध्ये अदलाबदलीत सुटका झाली आणि २५ मार्चला त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाले. हे पदक मिळवणारे ते देशातले पहिले, आणि त्यांत पहिला जेकब पॅरट. अँड्र्यूज नागरिक, म्हणून त्याला पदक नाही. हॉकिन्स आणि पोर्टर निसटलेल्यांत होते. त्यांनाही पदक मिळाले आणि बिग शँटीला आगगाडी हस्तगत केल्याचे त्यांच्या मानपत्रांत नमूद झाले. गाडी हस्तगत झाली तेव्हा ते मॅरिएटात अंथरुणात होते. फाशी गेलेल्या फिलिप शॅड्रॅक आणि जॉर्ज विल्सन या शिपायांची पदकाची पाळी २०२४ च्या जुलैत आली.

यामुळे विजयाचे गुण कसे द्यायचे, हा प्रश्न खेळात कायमचा अनुत्तरित राहतो. पूल जाळल्याबद्दल गुण द्यावेत तर खऱ्या धाडीला शून्य. पदकांबद्दल द्यावेत तर सगळ्यांत कमी धोका झोपलेल्या सोंगटीला, आणि हुशार खेळाडू सर्वांनाच झोपवतो. फुलरला पाठलागाबद्दल पूर्ण गुण द्यावेत तर तो दहापैकी नऊ डाव जिंकतो आणि अँड्र्यूजकडे बसायला कोणी मिळत नाही. तसे पाहता युद्धपटाला दुसरा खेळाडू मिळणे हीच मुळात मोठी अडचण आहे. पुष्कळ लोक तो एकटेच खेळतात. टेबलाच्या एका बाजूला बसून थाप मारायची, दुसऱ्या बाजूला जाऊन ती खरी मानायची. मधल्या वेळात नेलकटर घेऊन सोंगट्यांचे कोपरे सारखे गोल कापायचे, कारण पुठ्ठ्याच्या पानातून सोडवताना कोपऱ्यांना धागे राहतात आणि ते पाहवत नाहीत. शेकडो कोपरे कापून झाल्यावर खेळायला वेळ उरत नाही, आणि याची फारशी खंतही कोणाला नसते.

बस्टर कीटनने १९२६ च्या ‘द जनरल’ या मूकपटात बाजूच बदलून टाकल्या आणि दक्षिणेच्या ड्रायव्हरला नायक केले. ओरेगनमध्ये त्याने खराखुरा पूल पेटवून त्यावरून खरे इंजिन नदीत पाडले. अँड्र्यूजला सात तासांत जमले नाही ते कीटनने कॅमेऱ्यापुढे एका झटक्यात उरकले. टेक्सास आज अटलांटाच्या संग्रहालयात आहे. जनरलचे नशीब मात्र तसे साधे नव्हते. १९६७ मध्ये ते केनेसॉ, म्हणजे जुन्या बिग शँटीकडे नेले जात असताना चॅटनूगाच्या अधिकाऱ्यांनी गाडी अडवून इंजिन अडकवून ठेवले. या खेपेस पाठलाग कोर्टात झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. १९७२ मध्ये इंजिन केनेसॉला पोचले. न्याहारीच्या त्या जुन्या थांब्याजवळच्या संग्रहालयात ते उभे आहे, वेळापत्रकापेक्षा एकशे दहा वर्षे उशिरा.